तोरिई घराणे आणि काबुकीचा दरवाजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जपानी मुद्राचित्रांवरचा, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांवरचा, लेख आवडीने वाचला. मात्र होकुसाई आणि हिरोशिगे या प्रसिद्ध चित्रकारांविषयी भरभरून लिहिणाऱ्या त्या लेखात, नटांची चित्रे काढणाऱ्या तोरिई या चित्रकार घराण्याची बोळवण 'सुरुवातीची ओबडधोबड चित्रे' एवढ्यावरच झाली, याचे वाईट वाटले.

ही चित्रे ओबडधोबड भासतात, कारण आपण ती नाटकापासून तोडून पाहतो. ओसाकाचा तोरिई कियोमोतो हा काबुकी या जपानी नाट्यप्रकारात स्त्रीपार्ट करणारा नट होता आणि नाटकांचे फलकही रंगवीत असे. १६८७ मध्ये तो मुलासह एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, आला. तो मुलगा कियोनोबू हाच या घराण्याचा मूळ पुरुष. एदोत तेव्हा पहिल्या इचिकावा दांजुरो या नटाची 'आरागोतो' ही आवेशपूर्ण अभिनयशैली गाजत होती, आणि हा आवेश कागदावर उतरवायला नाजूक रेघ पुरी पडणारी नव्हती.

याच घराण्यातील कियोमासूने काढलेले, गोरो या वीराच्या भूमिकेतील दांजुरोचे चित्र पाहावे. गोरो जाडजूड बांबू मुळासकट उपटतो आहे, त्याचे दंड आणि पोटऱ्या तुंब्यासारख्या मध्येच फुगून सांध्याशी आवळल्या आहेत आणि बाह्यरेषा गांडुळासारखी कुठे जाड, कुठे बारीक होत वळवळत जाते. या लकबींना जपानीत 'ह्योतान-आशी' (तुंब्याचे पाय) आणि 'मिमिझु-गाकी' (गांडुळाची रेघ) अशीच नावे आहेत. ठसा फक्त काळ्या रेघेचा. वरचा 'तान' हा रंग, म्हणजे आपला शेंदूरच, हाताने भरलेला. रंगमंचावर पाय आपटून उभ्या राहिलेल्या नटाचे बळ या रेघेत जसेच्या तसे आले आहे, त्यामुळे तिला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

१७६५ च्या सुमारास बहुरंगी छपाई आली, कात्सुकावा शुन्शो या दुसऱ्या चित्रकाराने प्रत्येक नटाचा ओळखू येणारा चेहरा काढला आणि नटचित्रांतले तोरिईंचे वर्चस्व ओसरले. फलकांचे काम मात्र त्यांच्याकडेच राहिले. उंच, डौलदार स्त्रियांच्या चित्रांसाठी जगभर नावाजलेला कियोनागा हा रक्ताने तोरिई नव्हता, तो पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. तरीही गुरू कियोमित्सू १७८५ मध्ये वारल्यावर त्याने घराण्याचे फलक रंगवण्याची जबाबदारी उचलली, आणि पुढे प्रमुखपद गुरूच्या नातवाकडे, कियोमिनेकडे, गेले. विसाव्या शतकात आठवा प्रमुख कोतोंदो आणि त्याच्यानंतर त्याची कन्या यांनी काबुकीशी असलेले हे नाते टिकवले.

म्हणून विनंती, की यापुढे अशी नटचित्रे छापताना चित्रकाराच्या नावाबरोबर नट, भूमिका आणि नाटक यांचीही नावे द्यावीत. त्या काळी एदोच्या रसिकाने ते चित्र विकत घेतले, ते त्या नटासाठी आणि त्या भूमिकेसाठीच.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे