मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री यांना खुले पत्र : मेंदूच्या झटक्यानंतर गेलेली वाचा आणि तिच्यावरचे मराठीतील संशोधन

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझे यजमान सहकारी बँकेत रोखपाल होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका पहाटे त्यांना मेंदूचा झटका आला; मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. जीव वाचला, दीड महिन्यात ते काठी धरून चालू लागले, पण वाचा गेली आणि ती अजून पूर्ण आलेली नाही. तेव्हापासून जे पाहिले आणि गरजेपोटी जे वाचले, त्यावरून आपल्या अधिकारातील एक गोष्ट मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी झटक्यानंतर मेंदू कसा सावरतो यावर, आणि विशेषतः मराठी बोलणाऱ्या रुग्णाची भाषा कशी परत येते यावर, एकत्र येऊन क्लिनिकल संशोधन करावे आणि शासनाने त्यासाठी दरवर्षी ठरलेला, स्वतंत्र निधी द्यावा.

अफेझिया, म्हणजे वाचाघात, हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. त्यात जीभ लुळी पडलेली असेलच असे नाही आणि बुद्धीही गेलेली नसते. मनातल्या गोष्टीला शब्द सापडत नाही, आणि सापडला तर भलताच तोंडातून निघतो. पहिल्या महिन्यात माझ्या यजमानांना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते, माझे नाव घेता येत नव्हते. पण मी ‘एकोणतीस एके’ म्हटले की ते एकोणतीसचा पाढा न अडखळता शेवटपर्यंत म्हणत आणि संध्याकाळी हरिपाठ चालीवर गात. पाठ झालेले, लयीत बसलेले बोलणे वाचाघातातही टिकून राहू शकते आणि उपचारात त्याचा आधार घेता येतो, हे मला फार उशिरा कळले. शेजारीपाजारी मात्र म्हणू लागले की पाढे म्हणणारा माणूस बोलत नाही, त्या अर्थी डोक्यावरच परिणाम झाला असणार. एका शिकल्यासवरल्या नातेवाइकाने तर मला बाजूला घेऊन, आता बँकेच्या कागदांवर त्यांची सही चालेल का, असे विचारले. वाचाघात झालेल्या माणसाची समज कशाने मोजायची, हा प्रश्न आमच्या घरात असा आला.

सहा महिन्यांनी मोठ्या शहरातील एका रुग्णालयात त्यांची भाषेची तपासणी झाली. चित्रे दाखवून नावे विचारण्याची ही पद्धत जगभर वापरली जाते, आणि तिच्यासाठी बोस्टन येथे तयार झालेल्या साठ चित्रांच्या प्रसिद्ध संचात बीव्हर, इग्लू आणि प्रेट्झेल अशा परदेशी गोष्टींचीही चित्रे आहेत. आमच्यापुढे आलेल्या चित्रांतलीही काही अशीच होती. ज्या माणसाने प्रेट्झेल आयुष्यात कधी पाहिला नाही, त्याला त्याचे नाव आले नाही, यात झटक्याचा वाटा किती आणि चित्राचा किती, हे कोण सांगणार? याहून अवघड गोष्ट व्याकरणाची आहे. यजमान वाक्ये जोडू लागले तेव्हा ‘मी भाकरी खाल्ला’, ‘तिने भात खाल्ली’ असे म्हणत. आपल्याकडे भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते आणि लिंगेही तीन आहेत. इंग्रजीत यातले काही नसल्यामुळे इंग्रजीवर बेतलेल्या तपासणीत अशा चुकीसाठी रकानाच नसतो. त्यांची ही चूक हळूहळू कमी होत गेली, म्हणजे मेंदू सुधारत होता. ती सुधारणा माझ्या वहीत आहे, त्यांच्या केसपेपरवर कुठेही नाही.

भारतीय भाषांत अशी साधने नीट तयार करता येतात, हे सिद्ध झालेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्मृती, भाषा आणि विचारशक्ती तपासण्यासाठी जो न्यूरोकॉग्निटिव्ह टूलबॉक्स विकसित केला, तो पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. त्या पाचांत मराठी नव्हती. हैदराबादच्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात झटका आलेल्या ६०८ रुग्णांपैकी दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्या सुमारे ४० टक्के रुग्णांची आकलनशक्ती शाबूत आढळली, तर एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. मराठी आणि कन्नड, मराठी आणि गोंडी, अहिराणी आणि हिंदी अशा जोड्या बोलणारी माणसे आपल्या प्रत्येक सीमावर्ती जिल्ह्यात आहेत. हे प्रश्न विचारायला महाराष्ट्रापेक्षा योग्य जागा कोणती, हे मला सुचत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६० च्या दशकापासून वाचा व श्रवणशास्त्र शिकवले जाते, वांद्र्याला वाचा व श्रवण दिव्यांगतेसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि मराठी रुग्णांवर तेथील विद्यार्थ्यांनी प्रबंधही लिहिले आहेत. पण त्या प्रबंधांतून निघालेले एखादे साधन तालुक्याच्या फिजिशियनच्या टेबलावर पोहोचलेले मला कुठे दिसले नाही.

आता वेळेबद्दल. सहा महिने झाल्यावर आम्हाला सांगण्यात आले की जे यायचे होते ते आले, यापुढे फारसा फरक पडणार नाही. त्या दिवशी बसमध्ये आम्ही दोघेही काही बोललो नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत मेंदू नवी जुळणी करण्यास अधिक तयार असतो, हे खरे आहे. वॉशिंग्टन येथे ७२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाताच्या व्यायामाचे २० तास जादा देण्यात आले, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मिळालेल्यांना वर्षाअखेरीस सर्वाधिक लाभ दिसला. सहा महिन्यांनंतर मिळालेल्यांत तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. पण तो निष्कर्ष हाताचा आहे. भाषेबाबत जर्मनीतील १९ केंद्रांवर, वाचाघात होऊन सहा महिने उलटून गेलेल्या १५६ रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिले गेले, आणि त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले. ही चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, म्हणजे आम्हाला ‘आता काही नाही’ असे सांगितले गेले त्याच्या पाच वर्षे आधी. २८ देशांतील ५,९२८ व्यक्तींची माहिती एकत्र करणाऱ्या दुसऱ्या एका प्रकल्पात एकूण २० ते ५० तासांच्या उपचाराने भाषेत सर्वाधिक सुधारणा आढळली. माझ्या यजमानांना पहिल्या सहा महिन्यांत स्पीच थेरपीचे नऊ तास मिळाले, कारण थेरपिस्ट सत्तर किलोमीटरवर होत्या आणि प्रत्येक तासासाठी आमचा एक दिवस जात होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, याबद्दल शासनाचे आभारच आहेत. मात्र अशी योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांभोवती उभी असते आणि वाचा परत येण्याचे काम घरी आल्यावर सुरू होते.

थेरपीचे तास मिळाले नाहीत, गोळ्या मात्र भरपूर मिळाल्या. सिटिकोलिन हे औषध आम्ही अकरा महिने विकत घेतले. पुढे वाचनात आले की याच औषधाची जर्मनी, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २,२९८ रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती आणि २०१२ मध्ये तिचा निकाल आला, त्यात रुग्णांच्या सुधारणेत काही फरक दिसला नव्हता. लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. रुग्णाचे नातेवाईक समोर बसलेले असताना काहीतरी द्यावेसे वाटणे हे माणसाचेच आहे. पण त्या पैशात स्पीच थेरपिस्टकडे जाण्यायेण्याचे भाडे निघाले असते, हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

आपले सल्लागार कदाचित म्हणतील की संशोधनावर पैसा घालण्याऐवजी घरच्या माणसांना प्रशिक्षण द्या, ते स्वस्तात होईल. मलाही आधी तसेच वाटत होते. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर नेमकी हीच कल्पना तपासली गेली. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला रुग्णालयातच व्यायाम आणि उपचार शिकवले, पुढे घरी पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण, असे शिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले. हा निकाल २०१७ मध्ये आला, आणि चार वर्षे घरी शिकवणी करणारी बायको म्हणून तो वाचताना मला वाईट वाटले. पण विज्ञान शिकवलेली बाई म्हणून मी त्या संशोधकांची ऋणी आहे, कारण त्यांनी न आवडणारे उत्तर जसेच्या तसे छापले. परदेशातही असेच घडले आहे. झटका आल्यावर चोवीस तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालवावे, असे पुष्कळांना वाटत होते. २,१०४ रुग्णांच्या एका चाचणीने २०१५ मध्ये दाखवले की इतकी घाई केल्यास तीन महिन्यांनी चांगले सावरणाऱ्यांचे प्रमाण उलट थोडे कमी होते. म्हणून मी आपल्याकडे थेट एखादी योजना मागत नाही. आधी ती तपासून पाहण्याची व्यवस्था मागते. घरच्या माणसाने शिकवून सरसकट उपयोग झाला नाही, तर प्रशिक्षित थेरपिस्टने आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर शिकवून होतो का? पाढे, ओव्या, आरत्या यांच्या लयीतून शब्दांकडे नेता येते का? उपचार किती तास, आणि कितव्या आठवड्यापासून? यांची उत्तरे मराठी रुग्णांवरच मिळतील.

मोजणी करण्याची परंपरा आपल्या राज्यात आहे. मुंबईत एका ठरावीक वस्तीत केलेल्या पाहणीत पहिल्यांदाच झटका आलेल्या ४५६ व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांतले सुमारे ३० टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा झटका हे सर्वांत मोठे कारण निघाले: १,५९९ मृत्यूंपैकी २२९. या अभ्यासांनी झटक्याने किती माणसे जातात ते सांगितले. जी माणसे वाचून घरी आली, त्यांतल्या किती जणांना वर्षानंतर किराणा दुकानात जाऊन साखर मागता येते, हे सांगणारी नोंद आता हवी.

ती सुरू करणे आपल्या हातात आहे. शासकीय महाविद्यालयांतून घरी जाणाऱ्या झटक्याच्या प्रत्येक रुग्णाची तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात चौकशी व्हावी आणि तिच्यात हात, चाल आणि बोलणे या तिन्हींची नोंद असावी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने भाषातज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांना एकत्र बसवून मराठीची प्रमाण तपासणी तयार करून घ्यावी, ती सर्वांना विनामूल्य मिळावी आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या माणसाचे उत्तर तिच्यात चूक ठरू नये. प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे अशा चाचण्यांच्या जाहीर नोंदवहीत, नोंदली जावी आणि तिचा निकाल, अनुकूल असो वा प्रतिकूल, भाग घेतलेल्या कुटुंबांना सोप्या मराठीत कळवला जावा.

एका गोष्टीकडे मला आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. संमती देता येत नाही या कारणाने वाचाघाताचे रुग्ण पुष्कळदा झटक्यावरच्या चाचण्यांतून वगळले जातात. म्हणजे ज्यांच्यासाठी संशोधन हवे तेच त्यातून बाहेर राहतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत वाचा व भाषा दिव्यांगतेची व्याख्या करताना अफेझियाचे नाव स्पष्ट घातलेले आहे, तेव्हा या माणसांना कायदा ओळखतो. त्यांच्यासाठी संमतीपत्र चित्रांचे, मोठ्या अक्षरांचे, एका पानावर एकच गोष्ट सांगणारे असावे, आणि ते समजावून सांगायला पुरेसा वेळ ठेवावा. तसे केले तर संमती मिळते.

माझ्याकडे नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नोंदींच्या सात वह्या आहेत: रोज कोणता शब्द आला, कोणता हुकला, त्याऐवजी काय बाहेर पडले. आपल्या विभागाने हे काम हाती घेतले तर त्या मी संशोधकांना देऊ इच्छिते. वह्या माझ्या हातच्या असल्या तरी शब्द यजमानांचे आहेत, म्हणून गेल्या रविवारी मी त्यांच्यासमोर वह्या ठेवल्या, एका कागदावर रुग्णालयाचे चित्र काढले, वह्यांपासून तिकडे बाण काढला आणि विचारले. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला, माझ्या बाणावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “दे. सगळ्या दे.”

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जिल्हा सातारा