गुडिसन सुटलं तेव्हा

लिव्हरपूल
नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "क्लब तोच, खेळाडू तेच, शहरही तेच. मग दोन मैलांवर नवं स्टेडियम बांधलं तर लोकांना एवढं रडायला काय झालं?" मी उत्तर द्यायला घेतलं आणि आईने मध्येच तुमच्या गुडघ्याचं काढलं, ते राहूनच गेलं. म्हणून आज सविस्तर लिहिते. आई, तूही वाच. ऑफसाइड कळत नसलं तरी यातलं सगळं तुला कळेल.

गुडिसन पार्क, म्हणजे आमच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचं जुनं मैदान, तुम्ही टीव्हीवर पाहिलंय, पण टीव्हीवर त्याच्या आजूबाजूचं काही दिसत नाही. वॉल्टन भागातल्या अरुंद गल्ल्या, एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची घरं, आणि घरांची रांग संपते न संपते तोच स्टँडची भिंत. एका कोपऱ्यात तर सेंट ल्यूक्स चर्च दोन स्टँडच्या मध्ये उभं आहे. 24 ऑगस्ट 1892 ला हे मैदान उघडलं. डिक्सी डीनने 1927-28 च्या एका हंगामात लीगमध्ये 60 गोल केले ते एव्हर्टनसाठीच. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. पुढे 1980 मध्ये लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघायला आलेला असताना डीनने याच मैदानात प्राण सोडला. 1966 च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने इथे पोर्तुगालवर तीन गोल चढवले आणि मग पोर्तुगालच्या युसेबियोने एकट्याने चार मारून सामना 5-3 ने फिरवला.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही, शेजारच्या आजोबांकडून कळलं. माझं सीझन तिकीट ग्वॅलडिस स्ट्रीट स्टँडमध्ये होतं, गोलच्या मागे. सीझन तिकीट म्हणजे वर्षभर प्रत्येक सामन्याला तीच खुर्ची आणि शेजारीही तेच. इथे मी नवी आले तेव्हा कामावरच्या माणसांशी बोलणं कामापुरतंच व्हायचं. पहिल्यांदा मला कुणी "गेल्या वेळी दिसली नाहीस, बरी आहेस ना?" असं विचारलं असेल तर ते या आजोबांनी. त्यांनी लहानपणी तो 1966 चा सामना पाहिलाय. त्यांच्या वडिलांनी डीनला खेळताना पाहिलं होतं. त्या वडिलांची रक्षा गुडिसनच्या हिरवळीच्या कडेला पुरलेली आहे. एके काळी क्लब समर्थकांच्या घरच्यांना तशी परवानगी द्यायचा आणि कितीतरी जणांनी तसं केलंय. बाबा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. आजोबांसाठी मैदान सोडणं म्हणजे वडिलांना तिथे ठेवून येणं होतं.

आता मैदान बदलायला हवं होतं का, तर हो, हवं होतं. मी हे मनापासून म्हणते. जुन्या स्टँडना छत पेलायला खांब होते आणि कित्येक खुर्च्यांवरून अर्धं मैदान खांबाआड जायचं. चेंडू कोपऱ्यात गेला की आमची अख्खी रांग एका अंगाला झुकायची. पायऱ्या उभ्या, वाटा चिंचोळ्या, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना जागा अगदी मोजकी. क्षमता चाळीस हजारांच्याही आत, आणि वाढवायची तर चारही बाजूंना लोकांची घरं. मोठ्या क्लबांशी पैशाच्या बळावर टक्कर द्यायची तर एवढ्यावर भागत नव्हतं.

लोकांना खरी भीती होती ती वेगळीच. आपल्याला न विचारता कुणीतरी आपला क्लब उचलून दुसरीकडे नेईल, ही. ती उगाच नव्हती. लंडनच्या विम्बल्डन क्लबला 2003 मध्ये पन्नासहून अधिक मैलांवर मिल्टन कीन्सला नेलं. समर्थकांनी ते मानलंच नाही, 2002 मध्येच स्वतःचा एएफसी विम्बल्डन क्लब काढून खूप खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि 2020 मध्ये विम्बल्डनमधल्या प्लाउ लेनला परत आले. एव्हर्टनलाही आधी शहराच्या हद्दीबाहेर कर्कबीला न्यायचा बेत होता. समर्थकांमध्ये त्यावरून उभी फूट पडली, आणि 2009 मध्ये सरकारने परवानगी नाकारल्यावर तो बारगळला. त्या वर्षांचा विषय निघाला की आजोबा अजून अस्वस्थ होतात. घरातच दोन तट पडले होते म्हणे.

म्हणून मर्सी नदीकाठची ब्रॅमली-मूर गोदी ठरली तेव्हा बहुतेकांनी ती आपली मानली. जेसी हार्टलीने बांधलेली ही गोदी 1848 ची. कामाविना पडून होती. आयरिश समुद्रातली वाळू आणून ती भरली आणि त्यावर बावन्न हजारांवर माणसं मावतील असं स्टेडियम उभं केलं. गोदीची जुनी दगडी भिंत आणि जलशक्तीवर यंत्रं चालवण्यासाठी बांधलेला मनोरा तसाच राखलाय. युनेस्कोने मात्र 2021 मध्ये लिव्हरपूलचं नाव जागतिक वारसा यादीतून काढलं, आणि त्यामागच्या कारणांत या स्टेडियमचाही उल्लेख होता. मला त्याचं वाईट वाटतं. तरी रिकाम्या गोदीत पुन्हा माणसांचा आवाज यावा हे मला जास्त मोलाचं वाटतं. नावाबद्दल मात्र मी अजून राजी नाही. एका वकिलांच्या कंपनीचं नाव स्टेडियमला दिलंय, कारण त्याचे पैसे मिळतात. आमच्या रांगेत सगळे ब्रॅमली-मूरच म्हणतात.

आणि बाबा, या क्लबला घर सोडण्याची सवय जन्मापासूनची आहे. 1892 च्या आधी एव्हर्टन कुठे खेळायचा माहितीये? अ‍ॅनफिल्डवर! तिथले जागामालक जॉन हूल्डिंग यांच्याशी भाड्यावरून भांडण झालं, क्लब बाहेर पडला, स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन उभारलं. डॉ. जेम्स बॅक्स्टर यांनी त्यासाठी हजार पौंड बिनव्याजी दिले. इकडे रिकाम्या मैदानासाठी हूल्डिंगनी नवा क्लब काढला, तोच आजचा लिव्हरपूल. त्या वेळीही कुणीतरी अ‍ॅनफिल्डच्या दारात उभं राहून डोळे पुसले असतील, असं मला फार वाटतं.

फेब्रुवारीत गुडिसनवर शेवटची डर्बी झाली, म्हणजे याच शहरातल्या लिव्हरपूलविरुद्धचा सामना. 98 व्या मिनिटाला आमच्या टार्कोव्स्कीने गोल मारून 2-2 केलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडले. मग 18 मे आला, आमच्या पुरुष संघाचा गुडिसनवरचा शेवटचा सामना. साउथॅम्प्टनविरुद्ध दोन्ही गोल आमच्या इलिमान एनडियायेने मारले. तिकीट नसलेले हजारो लोक नुसते भिंतीला हात लावायला आले होते. सामना संपल्यावर जुने खेळाडू एकेक करून मैदानात आले, तोवर सगळे टाळ्या वाजवत होते. नंतर कुणाचे पायच निघेनात. जो तो शेजाऱ्याला एकच विचारत होता, "तू तिकडे कुठे बसणार?"

उरलेलं निम्मं उत्तर हे, बाबा. नव्या ठिकाणी प्रत्येकाला खुर्ची नव्याने निवडायची होती. कुणाला नवे दर झेपेनात, कुणाला मुलाजवळ बसायचं होतं, कुणी म्हणालं आता वय झालं, घरीच बघू. वर्षानुवर्षं एकमेकांचं आडनावही माहीत नसताना एकमेकांच्या घरची आजारपणं ठाऊक असलेली माणसं चार दिशांना गेली. क्लब सगळं हलवू शकतो. पूर्वापार वाजणारी ती धून त्यांनी नेली, अजूनही खेळाडू तिच्यावरच मैदानात येतात. पण माझ्या डाव्या-उजव्या हाताची माणसं आम्हालाच हलवावी लागली, आणि सगळी नाही हलली. आमच्यापुढची दोन भावंडं आता कुठे बसतात मला ठाऊक नाही. आजोबा आणि मी मात्र ठरवून शेजारी जागा घेतल्या, दक्षिणेच्या उंच उभ्या स्टँडमध्ये.

नव्या स्टेडियममधला लीगचा पहिला सामना 24 ऑगस्टला झाला. गुडिसन उघडलं त्याला त्या दिवशी बरोबर 133 वर्षं झाली. ब्राइटनला 2-0 हरवलं, पहिला गोल परत एनडियायेचाच, आणि आमचा गोलकीपर पिकफर्ड याने पेनल्टी अडवली तेव्हा जो आवाज उठला त्याने माझ्या अंगावर काटा आला. एकही खांब नाही. चारही कोपरे दिसतात. आजोबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "माझ्या वडिलांना इथून सगळं दिसलं असतं."

सामन्यानंतर स्टेशनवर भली मोठी रांग लागते आणि नदीवरचा वारा हाडात शिरतो. जुन्या मैदानाजवळच्या चहा-बिअरच्या दुकानदारांचं काय होणार, हा प्रश्नही मला सतावतो. आमच्या गर्दीवर त्यांची चूल पेटायची. त्याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पण एक फार चांगलं झालं. गुडिसन पाडून तिथे घरं वगैरे बांधायची, असं बरीच वर्षं ठरलेलं होतं. शेवटच्या सामन्याच्या काही दिवस आधी क्लबच्या नव्या मालकांनी जाहीर केलं की मैदान पाडायचं नाही, ते एव्हर्टनच्या महिला संघाला द्यायचं. या हंगामापासून मुली तिथे खेळतात. त्यांच्यामुळे कुणाचे वडील कुणाच्या पार्किंगखाली जाणार नाहीत. बातमी वाचली तेव्हा मी कामावर होते, आजोबांना लगेच फोन केला. त्यांना काही बोलताच येईना. आता आम्ही दोघं मुलींच्या सामन्यांनाही जातो. गर्दी कमी असते, त्यामुळे खांब नसलेली खुर्ची मिळते आणि आजोबांना कठड्यापर्यंत जाऊन थोडा वेळ उभं राहता येतं.

तुम्ही दोघं एप्रिलमध्ये याच. थंडी सरलेली असेल आणि हंगामही चालू असेल. बाबा, नव्या स्टेडियममध्ये लिफ्ट आहे, गुडघ्याची काळजी नको. आई, तुला मी आधी गुडिसनला नेणार, खालच्या रांगेत, म्हणजे चढायला लागणार नाही. आजोबांनी तुमच्या दोघांबद्दल इतकं विचारलंय की तुमची ओळख करून द्यावी लागणारच नाही. व्हिसाला वेळ लागतो, तेव्हा पासपोर्टच्या पानांचे फोटो या आठवड्यातच पाठवा. डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल लिहून दिलेला कागदही सोबत पाठवा, तो विम्याला लागेल.

तुमची,
मनू