ओल्या हवेच्या देशात जाणाऱ्या पोरीची बॅग

टिळकवाडी, बेळगाव
मृग नक्षत्र

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मधुराची सहलीच्या बॅगेची यादी मिळाली. यादी मन लावून केलीय, पण ती महाबळेश्वरला जायची यादी आहे. दोन जीन्स, टर्किश टॉवेल, जाड रेनकोट, कपाटातले जुने स्पोर्ट्स शूज आणि शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाला कोल्हापुरी. सिंगापूर-मलेशियाला दहा दिवस जायचं तर या पाचही वस्तू शक्यतो घरीच राहू देत. तू फोनवर म्हणालीस, "उकाडा आपल्याकडं नाही काय?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडचा मे तापतो, पण कोरडा. घाम आला की उडतो, आणि उडताना अंग गार करतो. पावसाळ्यात हवा ओली असते, पण ती गार असते. बावीस-तेवीस अंशांत घाम येतोय कुठं? सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश वर. वर्षभर दुपारी ३१ ते ३३ अंश, रात्रीही २४-२५ च्या खाली क्वचितच, आणि हवेतली ओल ऐंशी टक्क्यांच्या आसपास. तिथं घाम येतो तो अंगावरच राहतो. क्वालालंपूरलाही तेच. त्यामुळं कपडा घेताना तो किती गार वाटतो याच्याआधी एकच विचारायचं: रात्री धुतला तर सकाळपर्यंत वाळतो का? जो वाळत नाही तो बॅगेत घालायचा नाही, मग तो कितीही आवडता असो.

याची परीक्षा निपाणीत आत्ताच होईल, मृगानं सोय करून ठेवलीय. न्यायचा म्हणून काढलेला प्रत्येक कपडा रात्री नऊला धुवायचा, पिळायचा, खिडक्या बंद खोलीत दोरीवर टाकायचा, पंखा एकवर. सकाळी सहाला बघायचं. मधलं कापड बघू नको, ते सगळ्यांत आधी वाळतं. कॉलर, बगलेची शिवण, खिशाचं अस्तर, कमरेचा पट्टा आणि इलॅस्टिक वरच्या ओठाला लावून बघ. बोटांना कोरडं वाटतं ते ओठाला गार लागतं. गार लागलं म्हणजे ओल आहे. असे तीन-चार कपडे तरी बाद होतील आणि बॅग आपोआप हलकी होईल.

जीन्स का नको हे त्यातच कळेल. नेहमीच्या जीन्सचं कापड दर चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास, पातळ कुर्त्याचं शंभराच्या आगेमागे. ओली जीन्स तिकडं दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही कमरेला दमट राहते, आणि तशीच घातली की मांड्या सोलवटतात. तिच्याऐवजी सैल सुती पलाझो किंवा पातळ कापडाच्या ढिल्या पँट तीन. लेगिंग नको, घामानं चिकटली की स्वच्छतागृहात वर ओढतानाच दहा मिनिटं जातात.

वर घालायला पाच पुरेत. कापड केंब्रिक, मलमल किंवा व्हॉइल, तिन्ही पातळ सुती. टी-शर्ट घ्यायचाच तर १४०-१५० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम), बाजारात मिळतात ते १८० च्या वरचे जाड असतात. दुकानदार रेयॉनचा कुर्ता दाखवेल, "गार असतो मॅडम" म्हणून. गार असतो हे खरं. पण रेयॉन सुतापेक्षा जास्त पाणी पितो, ओला असताना त्याची ताकद निम्म्यावर येते आणि पिळला की शिवणीवर फाटतो. एकसुद्धा नको. उलट टोकाला पूर्ण पॉलिएस्टर. ते पाणी धरतच नाही, दोन-तीन तासांत वाळतं, पण अंगाचं तेल धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बगलेला वास मारतं, धुतलं तरी. दौडायला, डोंगर चढायला एखादा असू दे. सुतात थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं कापड प्रवासाला बरं, माझ्या मते साठ-चाळीस सगळ्यांत सोयीचं. गरगची खादी मला स्वतःला फार प्रिय आहे, पण जाड खादी या परीक्षेत नापास होते.

शिवून घेणार असशील तर कापड आधी रात्रभर पाण्यात टाक. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे अडीच मीटरमागे साडेसात ते साडेबारा सेंटीमीटर. शिंप्याला सांगायचं: मुंढा नेहमीपेक्षा एक इंच खोल, छातीला चार-पाच इंच ढिलाई, बाही कोपराच्या खाली आणि सैल, दोन्ही बाजूंना चिरा, अस्तर अजिबात नाही. अस्तर पॉलिएस्टरचं लावतात आणि मग सुती कापड घेऊन काही उपयोग नाही. रंग फिका किंवा बारीक छापाचा. राखाडी, आकाशी, मेंदी हे रंग टाळ, घामाचे डाग सगळ्यांत ठळक त्यांच्यावरच दिसतात.

कार्यक्रमाला खणाचा कुर्ता नेणार म्हणते. नेऊ दे, एक दिवसाचा प्रश्न. पण गुळेदगुड्डच्या खणाचा किंवा इलकलचा गडद रंग घामानं उतरू शकतो. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घाल, पांढरं फडकं त्यात बुडवून आतल्या बाजूनं शिवणीपाशी चोळ. फडक्याला रंग आला तर आत पातळ सुती स्लिप घालायची.

आतले कपडे सात जोड, सगळे सुती, इलॅस्टिक रुंद आणि ढिलं. फोम लावलेली ब्रा नको, फोम दोन दिवस वाळत नाही. साधी सुती, तीन-चार. रात्रीचे कपडे दोन जोड. सॅनिटरी पॅड घरूनच दे आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त दे, त्या हवेत ते लवकर बदलावे लागतात.

धुण्याची रीत तिच्याकडून एकदा करून घे. कपडा खळबळून पिळायचा, मग कोरडा पंचा पसरून त्यावर ठेवायचा, दोन्ही मिळून गुंडाळी करायची आणि ती गुंडाळी पिळायची. निम्मं पाणी पंचा ओढून घेतो. मग हँगरला, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून. बाथरूममध्ये टाकायचा नाही, खोलीत एसीच्या झोताखाली टाकायचा. एसी हवेतली ओल काढतो, त्यामुळं तिथं कपडा लवकर वाळतो. ड्राय मोड असेल तर तोच लावायचा. टर्किश टॉवेल नको म्हटलं ते याचसाठी. अर्धा किलो वजन, वाळत तर नाहीच, आणि तिसऱ्या दिवशी कुबट. दोन पंचे पुरे. नायलॉनची चार मीटर दोरी, आठ चिमटे, कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवला की वास धरतो, आणि एकदा काळे ठिपके पडले की सुतावरून निघत नाहीत. बसमध्ये न्यायचाच झाला तर जाळीच्या पिशवीत.

बॅग भरायचा दिवसही निवडून घ्या. सध्या आपल्याकडं कपाटातले कपडेच दमट आहेत. ऊन पडेल त्या दिवशी भरा. इस्त्री केल्यावर अर्धा तास पसरून ठेवायचे, गरम वाफेसकट घडी घातली की ओल बॅगेतच जाते.

आता पायाचं. कोल्हापुरीचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाच. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आपला बेळगाव जिल्हाही त्यात आला, अथणी-निपाणीचे कारागीर आले. पण ते चामडं झाडाच्या सालीनं कमावलेलं असतं, पाणी पितं, फुगतं, टाके ढिले होतात, आणि मॉलच्या ओल्या फरशीवर तळवा घसरतो. शिवाय बुरशी. ती घरीच बरी. मागं पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल एक, आणि जाळीच्या कापडाचे बंद बूट एक. बूट लागतातच, कारखाना किंवा प्रयोगशाळा बघायला सँडलवर आत सोडत नाहीत.

जुन्या स्पोर्ट्स शूजचं वेगळं सांगते, कारण हे माहीत नसतं. त्यांचा तळवा बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो. तो वापरात नसतानाही हवेतल्या ओलीनं आतून कुजत जातो. वरून बूट नवा दिसतो आणि पहिल्याच लांब चालीत तळवा तुकडे होऊन गळून पडतो. अंगठ्यानं टाचेकडं जोरात दाबून बघ, बूट मधून दुमडून बघ. भेगा दिसल्या, चिकट लागलं किंवा भुगा पडला तर नवे घ्या. आणि नवे घेतले तर जायच्या आधी पंधरा दिवस घालून फिरू दे तिला. मोजे पातळ, पाच जोड. रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे.

रेनकोटचंही तसंच. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात रेनकोट चालतो कारण तिथं गार असतं. तिकडं प्लॅस्टिकच्या रेनकोटात माणूस पावसानं नव्हे, घामानं भिजतो. पाऊस बहुधा दुपारचा, धो धो, तास-दोन तासांत संपणारा. घडीची छत्री पुरते. कधी पहाटे वाऱ्यासकट येतो तेव्हा छत्री उलटते, म्हणून काड्या फायबरच्या घ्या.

एक पूर्ण बाह्यांचं पातळ जाकीट किंवा मोठा सुती स्टोल मात्र हवाच. बाहेर बत्तीस अंश, बस आणि सभागृह बावीसवर. घामानं ओल्या पाठीनं आत बसलं की हुडहुडी भरते. गेंटिंग हायलँड्सला जाणार असतील तर तेच जाकीट, ते अठराशे मीटरच्या आसपास आहे. बटू केव्ह्जच्या मंदिराच्या २७२ पायऱ्यांना गुडघे झाकलेले हवेत, आणि मशीद बघायची झाली तर डोक्याला स्टोल. कॅमेरा आणि फोन एसीतून बाहेर काढला की काचेवर दव धरतं. वीस-पंचवीस मिनिटं बॅगेची चेन बंदच ठेवायची. पुसत बसायचं नाही.

त्वचेचं हलक्यात घेऊ नका. मांड्या घासतात तिथं सकाळी व्हॅसलिन लावायचं. पावडर नको, ती घामात लगदा होते. जांघेत किंवा कमरेला गोल, कडेनं लाल चट्टा उठला तर ते गजकर्ण. एक टक्क्याचं साधं क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा, आणि बरं दिसलं तरी पुढं आठ-दहा दिवस. मेडिकलवाला तीन औषधं एकत्र असलेलं मलम पुढं करतो, त्यात स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते आणि चट्टा पसरत जातो. ट्यूबवर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर परत द्यायची. मनगटातला काळा दोरा, कमरेचा करगोटा, घड्याळाचा चामडी पट्टा, खोटे दागिने हे सगळं काढून ठेवायचं, त्याच्याखालीच पुरळ उठतं. डेंगीचे डास दिवसा चावतात, ओडोमॉस सकाळीच लावायचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट असला हिशेब नको.

खाऊचं थोडक्यात. खव्याचा कुंदा देऊ नकोस, त्या हवेत टिकायचा नाही. गोकाकचा डिंक-सुकामेव्याचा करदंट टिकतो, पण त्यात खसखस असते आणि सिंगापुरात खसखशीकडं अमली पदार्थांच्या नजरेनं बघतात. अनारशांचंही तेच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना विमानतळावरच हरकत घेतात. भाजके शेंगदाणे, चिवडा दे. आणि भावजींची बॅग देणार असशील तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटक. निपाणीच्या घरातली बॅग आहे, कुठंतरी तंबाखूची पुडी निघतेच, आणि सिंगापुरात खायच्या तंबाखूला बंदी आहे. च्युइंगगमही काढून ठेव.

तिकडचे प्लग तीन चौकोनी पिनांचे. ॲडॅप्टर एक आणि आपली साधी एक्स्टेंशन कॉर्ड दिली की खोलीतल्या तिघींचं चार्जिंग होतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, वीस हजार एमएएचपर्यंत अडचण नाही.

ॲडॅप्टर मी खडेबाजारातून घेऊन ठेवते, दोन घेते. केंब्रिकसुद्धा इथंच बघते, तू फक्त तिच्या एखाद्या सैल कुर्त्याचं माप आणि मुंढ्याची गोलाई कळव. पंचे मात्र नवे घेऊ नका, घरातले वापरातलेच दे. नव्या पंचाची खळ चार धुण्यांशिवाय जात नाही, तोवर तो पाणी टिपत नाही.

तुझी,
विजू