अमेरिकी मतमोजणीच्या वेळा भरती-ओहोटीशेजारी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी नेमकी मुंबईच्या फिरायला जाण्याच्या वेळेला सुरू होते. तिकडे मंगळवारची संध्याकाळ, इकडे बुधवारची पहाट. ऑक्टोबरचा उकाडा नुकताच ओसरू लागलेला असतो, दिवाळी झालेली किंवा तोंडावर आलेली असते, आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, जुहूच्या वाळूत, मरीन ड्राइव्हवर माणसे मान खाली घालून फोन बघत चालतात. वास्तविक त्या दिवशी फोनकडे बघण्याजोगे क्षण थोडेच असतात आणि ते आधीपासून ठाऊक असतात. ते आपण छापावेत, यासाठी हे पत्र.

पहिली चूक घड्याळाची होते. उन्हाळी वेळ चालू असताना न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. मतदान पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, म्हणजे बहुतेक वेळा या बदलानंतर दोनच दिवसांनी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात उमेदवारांची वादफेरी तिकडे रात्री नऊला, आपल्याकडे सकाळी साडेसहाला बघितलेली माणसे तेच गणित निकालालाही लावतात आणि तासभर आधी उठून बसतात. पुढची अध्यक्षीय निवडणूक 7 नोव्हेंबर 2028 रोजी आहे. म्हणजे आपल्याकडे 8 तारखेचा बुधवार, आणि फरक साडेदहा तासांचाच.

इंडियाना आणि केंटकीच्या बऱ्याचशा भागातले मतदान आपल्या पहाटे साडेचारला संपते. त्यासाठी गजर लावू नये. 2012 पासून ही दोन्ही राज्ये सलग रिपब्लिकन पक्षाकडे गेली आहेत. साडेपाचला जॉर्जिया, सहाला नॉर्थ कॅरोलायना, साडेसहाला पेनसिल्व्हेनिया, साडेसातपर्यंत मिशिगन, विस्कॉन्सिन आणि ॲरिझोना, साडेआठला नेवाडा, साडेनऊला कॅलिफोर्निया. या वेळा मतदान संपण्याच्या आहेत, निकालाच्या नव्हेत. हक्काची राज्ये मात्र दार बंद होताच, मोजणी जेमतेम सुरू झालेली असताना जाहीर होतात. ती मतदारांच्या पाहणीवरून आणि पूर्वीच्या कलावरून ठरतात. त्यामुळे साडेनऊच्या सुमारास डेमोक्रॅटिक उमेदवाराचा आकडा एकदम 54 ने उडी मारतो. ती कॅलिफोर्नियाची ठरलेली निर्वाचक मते असतात; राज्य जिंकणाऱ्याला ती सगळी एकगठ्ठा मिळतात. ‘वारे फिरले’ असे ओरडणाऱ्या निवेदकाला हे माहीत नसते, किंवा असते आणि तरी तो ओरडतो.

दुसरी चूक आपल्या सवयीची. आपल्याकडे आठ वाजता टपाली मतपत्रिका आधी घेतात आणि मग यंत्रे उघडतात. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडायला कायद्याने मनाई आहे, म्हणून ती मोजून होईपर्यंत रात्र, कधी दिवसही उलटतात. विस्कॉन्सिनमध्येही मतदानाच्या दिवसाआधी त्यांना हात लावता येत नाही. 2020 मध्ये टपाली मतदान डेमोक्रॅटिक मतदारांनी जास्त केले होते. पेनसिल्व्हेनियात पहिल्या रात्री ट्रम्प सहा लाखांहून अधिक मतांनी पुढे होते आणि शेवटी बायडेन सुमारे 80 हजारांनी जिंकले. मते कुठून ‘आली’ यावरून तिकडे जी दरी पडली, ती अजून बुजलेली नाही. फ्लोरिडात टपाली मतांची तयारी आधीच होते, म्हणून ते राज्य भराभर मोकळे होते. एका राज्यात आघाडी घटते आणि दुसऱ्यात वाढते, यामागे बहुतांशी पाकिटे उघडण्याचा क्रम असतो. ‘95 टक्के मोजणी पूर्ण’ हा आकडासुद्धा अंदाजच, कारण पोस्टातून अजून किती पाकिटे यायची आहेत हे कोणालाच नक्की ठाऊक नसते.

आता 2024 चा दिवस घ्या. 6 नोव्हेंबर, कार्तिक शुद्ध पंचमी. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण जुहूला जायचे की नाही हे ठरवायला एवढे पुरते. ओहोटीला ओली, घट्ट, सपाट वाळू मिळते. भरतीला उरतो तो भुसभुशीत उतार, आणि त्यावर चालून घोटे दुखतात. बॅण्डस्टॅण्डच्या खडकांवर शेवाळ असते, तिथून पाणी वळायच्या आत परतावे. त्या सकाळी नॉर्थ कॅरोलायनाचा निकाल असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पावणेदहाच्या सुमारास दिला, जॉर्जियाचा साडेअकराला, पेनसिल्व्हेनियाचा एकच्या आत. विजयाला लागणाऱ्या 270 निर्वाचक मतांचा टप्पा विस्कॉन्सिनने ओलांडून दिला तो चार वाजून चार मिनिटांनी. दलाल स्ट्रीटचे व्यवहार साडेतीनलाच आटोपले होते. फॉक्स न्यूज वाहिनीने सव्वाबाराच्या सुमारास विजेता जाहीर करून टाकला होता. तिकडे आपल्यासारखा निवडणूक आयोग रात्री निकाल घोषित करत नाही, ही कामे वृत्तसंस्था आपापल्या हिशेबाने करतात. तेव्हा बातमीत ‘कोणी जाहीर केले’ हे लिहिलेले असावे. साडेसहाला निघून साडेनऊपर्यंत बाहेर राहिलेल्या माणसाचे त्या दिवशी काहीही हुकले नाही.

बुधवारी दुपारपर्यंत निकाल लागला नाही, तर पुढचे दिवस आणखी मोकळे. मोजणी केंद्रांची पुढची मते तिकडच्या कामाच्या वेळेत, म्हणजे आपल्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत येतात. आपली सकाळ आणि दुपार ही अमेरिकेची झोपेची वेळ. 2020 मध्ये असे चार दिवस गेले आणि बायडेन यांचा विजय आपल्याकडे शनिवारी रात्री दहाच्या जरा आधी जाहीर झाला. तोवरच्या तीन दुपारी वाहिन्यांनी नुसत्या चर्चेवर काढल्या. 2000 मध्ये तर फ्लोरिडातल्या 537 मतांचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबरला मिटवला. पाच आठवडे कोण घरात बसणार?

हवेचे मात्र बघून निघावे. नोव्हेंबरपासून पहाटेची हवा साचलेली असते. समुद्रावरचा वारा दुपारच्या सुमारास सुटला की धूळ हलते. ‘समीर’ ॲपवर दिसणारा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक मुख्यतः मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, त्यात आदल्या रात्रीचे फटाकेही आले. 200 च्या वर असेल तर दमेकऱ्यांनी पहाटेऐवजी चारनंतर निघावे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. निकाल बुधवारी येतो, तेव्हा ती अडचण नाही.

कट्ट्यावरच्या वादांबद्दल एकच. दादर-पार्ल्यातल्या कित्येक घरांतली मुले तिकडे एच-1बी वर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. त्यांना मत नाही, पण निकालाचा फटका त्यांनाच आधी बसतो. अशा आईवडिलांसमोर ‘आपला माणूस आला’ म्हणून पेढे वाटू नयेत, मग तो माणूस कोणत्याही पक्षाचा असो. त्यांनी मुलांना फोन करायचा तर सकाळी नऊच्या आत. दुपारी एकला न्यू जर्सीत रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

आपल्याकडे विनंती अशी: निकालाच्या आदल्या दिवशीपासून पहिल्या पानावर एक छोटी चौकट द्यावी. त्यात कुंपणावरच्या राज्यांच्या वेळा भारतीय वेळेत, त्या राज्याची टपाली मते आधी मोजतात की नंतर, आणि शेजारीच भरती-ओहोटी व सूर्योदय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य पावणेसातच्या आत उगवतो. आठ ओळींत हे सगळे बसते. जागा कमी पडलीच, तर राशिभविष्य एका दिवसापुरते आखडते घेता येईल.

कळावे,
एक वाचक,
दादर (प.), मुंबई