काकू, बेणं जगलं

ती. स्व. काकूंना,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘चहा टाकते’ म्हणून उठून जाता. दोनदा असं झालं. म्हणून आता इथे, चारचौघांत लिहिते आहे. तुम्हाला आवडणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

काल आमच्या पायरीवरच्या कुंडीतली रताळी काढली. इथे अमेरिकेत, मिनियापोलिसला ऑक्टोबर लागला की कुठल्या रात्री फ्रॉस्ट पडेल याचा नेम नाही, आणि तुम्ही बजावून ठेवलं होतंत की पानं काळी पडायची वाट बघत बसू नकोस, वर वेल करपला की सड खाली कंदात उतरते. नऊ निघाली. वाकडीतिकडी, मुठीएवढी, एक तर कुंडीच्या कडेला धरून कोयरीसारखं वळलेलं. वर्तमानपत्रावर ती मांडली आणि तिथेच फरशीवर बसून राहिले. गेल्या नोव्हेंबरात हा वेल संपला असं मी धरून चालले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. २०२४ च्या मे महिन्यात माझे वडील, अण्णा, बेळगावहून आमच्याकडे राहायला आले. वय ७४, सगळा जन्म शेतात गेलेला. बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव. तांबडी माती, पावसाळ्यात वरंबे घालून रताळ्याचा वेल लावायचा आणि नवरात्राच्या उपवासापासून रताळी बाजारात न्यायची, हे मी जन्मापासून बघत आले. इथे अण्णांच्या हाताला कामच नव्हतं. पहिले पंधरा दिवस ते खिडकीशी बसून समोरच्या घरचं गवत कापणाऱ्या मुलाकडे बघत असत. मला ते बघवेना. एका शनिवारी त्यांना नर्सरीत नेलं, तर एका कुंडीपाशी ते थबकलेच. पोपटी रंगाच्या, बदामी आकाराच्या पानांचा वेल, ‘मार्गरिटा’ अशी पट्टी लावलेला. शेजारी जवळजवळ काळ्या पानांचा ‘ब्लॅकी’. अण्णांनी गळून पडलेलं एक पान उचललं, देठ मोडून चीक बघितला आणि म्हणाले, “हे रताळं हाय की गं! हे शोभेला लावतात?” आमच्याकडे रताळ्याचा वेल म्हणजे म्हशीची वैरण. त्याला कोणी पैसे मोजतं हे त्यांना खरं वाटेना. पण घरी येईपर्यंत कुंडी मांडीवरून खाली ठेवली नाही.

तो वेल त्यांनी असा वाढवला की ऑगस्टमध्ये पायऱ्यांवरून खाली उतरून तो वाटेवर आला. माणूसही बदलला. सकाळी उठून बाहेर जायला कारण मिळालं. पोस्टमन थांबून वेल बघायचा आणि अण्णा त्याला मराठीतून समजावून सांगायचे. सप्टेंबरच्या शेवटी परत जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मातीत बोट घातलं आणि लहान मुलासारखे ओरडले, “लागलीत! याला रताळी लागलीत!” सात होती. फडक्यानं माती पुसून त्यांनी ती माझ्या ओंजळीत घातली. “बेणं ठेव. पुढल्या वर्षी याचाच वेल लाव.” आमच्याकडे लागवड करायची ती वेलाच्या तुकड्यांची. पण इथल्या बर्फात वेल राहणार नाही हे त्यांना न सांगताच कळलं होतं, म्हणून कंद.

आता जे लिहिणार आहे त्यात कडवटपणा आहे, तो मी झाकत नाही. जिथून वेल घेतला तिथे विचारायला गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी वरही न बघता सांगितलं, ही एका मोसमाची रोपं, फेकून द्या, मेमध्ये नवी घ्या. मग आपल्याच मंडळींतल्या, बागेबद्दल ज्यांचा शब्द शेवटचा मानतात अशा एका गृहस्थांना फोन केला. त्यांनी ठामपणे सांगितलं, डेलियाचे कंद ठेवतात तसेच भुशात घालून गॅरेजमध्ये ठेव. मी ठेवले. नोव्हेंबरात एका रविवारी झाकण उघडलं तर आंबूस, दारूसारखा वास. हात घातला तर बोट आतच गेलं. सातांतली चार पाणी होऊन गेली होती. त्याच गृहस्थांना ग्रुपवर पुन्हा विचारलं, फोटो पाठवले. उत्तर आलं, “पाच डॉलरच्या रोपासाठी एवढं?” त्याखाली हसणारे चेहरे. अकरा जणांनी हसून घेतलं, मी मोजले.

त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन. रविवारी असतोच. “बेणं नीट हाय न्हवं?” मी म्हटलं, “हो अण्णा, नीट आहे.” आयुष्यात त्यांच्याशी इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात मंडळाची दिवाळी होती. तुम्ही फराळाच्या टेबलामागे उभ्या होतात आणि मी कोणाला तरी हेच सांगत होते. आपली तोवर धड ओळखही नव्हती. तुम्ही चिवड्याचा डाव हातात धरून एवढंच विचारलंत, “गॅरेजमध्ये थंडी किती असते?” मी म्हटलं, चाळीस फॅरनहाइटच्या आसपास. तुम्ही क्षणभर डोळे मिटलेत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेले असताना, पंचवीस मिनिटं गाडी चालवून आमच्या दारात हजर.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते इथे लिहिते, कारण अजून कोणाचं तरी बेणं वाचेल. डेलिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिच्या कंदांना ४ ते १० सेल्सियसची थंडी मानवते. रताळं उष्ण मुलखातलं. त्याला १३ ते १५ लागतं, म्हणजे इथल्या मापानं ५५ ते ६०. दहाच्या खाली ते आतून दुखावतं आणि कपट असं की लगेच दिसत नाही. वरून टणक राहतं, उबेत आणलं की मग काळं पडून कुजतं. म्हणजे एकाच गॅरेजमध्ये, एकाच खोक्यात डेलिया सुखात आणि रताळं मरणाच्या दारात. दुसरं असं की डेलियाच्या कंदाला देठाशी डोळा नसला तर तो कधीच फुटत नाही. रताळं मात्र मूळच असतं फुगलेलं, त्याला डोळे नसतात, तरी त्याच्या अंगावर कुठूनही कोंब येऊ शकतो. “म्हणून अर्धं जरी वाचलं ना, तरी आशा आहे,” असं तुम्ही म्हणालात. तिन्ही वाचतील असं मात्र म्हणाला नाहीत. खोटा धीर दिला नाहीत, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पण काकू, मी हे पत्र त्या माहितीसाठी लिहीत नाही. माहिती शोधली असती तर कुठेतरी मिळाली असती.

त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत, बेसमेंटमध्ये. एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरलात. खाली लाकडी फळीवर तुमची खोकी रांगेनं होती, प्रत्येकाला चिठ्ठी. ‘डेलिया, लाल’ आणि ‘कर्दळ’ गार भिंतीकडे. ‘अळू, वडीचं’ उबेच्या बाजूला. प्रत्येक कंद कागदात गुंडाळलेला. तुम्ही माझी तीन रताळी हातात घेतलीत, अंगठ्यानं चाचपून बघितलीत, एकाचं कुजलेलं टोक सुरीनं कापून त्याला राख लावलीत. मग विचारलंत, “वडिलांना तू काय म्हणतेस?” मी म्हटलं, अण्णा. तुम्ही कागदाचे तीन तुकडे फाडलेत आणि पेन्सिलीनं, कारण दमटपणात शाई पसरते, तिन्हींवर लिहिलंत:

अण्णा, बेळगाव.

एकावर लिहून भागलं असतं. तिन्ही एकाच खोक्यात राहणार होती. पण तुम्ही तीन वेळा लिहिलंत, सावकाश, वळणदार अक्षरात, आणि प्रत्येक रताळ्याबरोबर एकेक चिठ्ठी गुंडाळलीत. खोकं अळूच्या शेजारी सरकवलंत. जातीचं नाव नाही, ‘मार्गरिटा’ नाही, माझंही नाही. ज्या माणसाला तुम्ही कधी बघितलं नाही त्याचं नाव, त्याच्या गावासकट. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. तोवर रडले नव्हते.

मला वाटतं, समोरच्याच्या जिवाशी काय लागलंय ते न विचारता ओळखणं आणि त्याची किंमत आपल्या मापानं न करणं, ही माणसं आता शोधावी लागतात. आमच्या गावात अशी होती. शेजारची एक म्हातारी दुसऱ्याच्या आजारी वासराला रात्रभर शेकत बसायची, आणि ते वासरू कितीला घेतलं हे तिनं कधी विचारलं नाही. या परमुलखात, तेरा हजार किलोमीटरवर, तसंच कोणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही जानेवारीत, बाहेर उणे २५ असताना, मला मेसेज केलात: ‘एक गेलं. दोन आहेत.’ फेब्रुवारीत: ‘एक आहे.’ लपवलं नाहीत, सजवलं नाहीत. दर वेळी त्या पायऱ्या उतरून, कागद सोडून, बघून आला असणार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही बोलावलंत. खोकं मलाच उघडायला लावलंत. कागद सोडला, चिठ्ठी खाली पडली. रताळं सुरकुतलं होतं, राखेचा डाग तसाच, म्हणजे जगलं ते कापलेलंच. आणि दुसऱ्या टोकाला मोहरीएवढे चार पोपटी ठिपके. मी आधी बुरशी समजले. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, “बुरशी नाही गं, कोंब आहेत. अण्णांना फोन लाव.”

लावला. बेळगावात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आणि त्यांना कोंब दाखवल्यावर मी सगळं सांगून टाकलं, गॅरेज, सहा कुजली ती, आणि खोटं बोलले तेही. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कुजतंय की. शेतात बी कुजतंय. एक जगलं ते बघ.”

त्या एका कंदाचे कोंब काढून लावले आणि या उन्हाळ्यात पायरीवर पुन्हा तोच वेल होता. पोस्टमननं पहिल्याच दिवशी विचारलं, तुझे वडील कुठे आहेत?

काल काढलेली नऊ रताळी तुम्ही सांगितल्याप्रमाणे बॉयलरशेजारी ओल्या टॉवेलखाली ठेवली आहेत. आठवडाभर ३० सेल्सियसच्या आसपास ऊब आणि दमटपणा मिळाला की काढताना झालेल्या जखमांवर नवी साल धरते, मग टिकतात. सहा मी कागदात बांधेन, पेन्सिलीनं लिहून. उरलेली तीन तुमची. अक्षर तुमच्यासारखं येत नाही, पण त्यांवर ‘काकू’ लिहिणार आहे, तिन्हींवर वेगवेगळं.

पुढल्या रविवारी सकाळी दहाला ती घेऊन येते. चहा मीच करेन, तुम्ही उठायचं नाही. आणि त्याच वेळी अण्णांचा फोन येईल. त्यांना तुमच्याशी बोलायचंय, गेले सहा महिने म्हणतायत. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्यानं बोला.

तुमची,
बेळगाववाली