हार्मोनच्या चाचणीआधी झोप कधी झाली ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला शरीराचे घड्याळ आणि प्रजननाचे हार्मोन यांवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण तो या घड्याळावरच्या संशोधनासाठी 2017 चे नोबेल मिळवणारे हॉल, रॉसबॅश आणि यंग व त्यांच्या प्रयोगांतल्या फळमाश्या यांच्यापाशीच घुटमळला. या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग त्याहून बराच जुना आहे आणि कामाच्या पाळ्यांवर चालणाऱ्या आपल्या सोलापूरला तो अधिक लागू पडतो.

1950 साली जॉन एव्हरेट आणि चार्ल्स सॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांच्या माद्यांवर तो केला. बीजकोशातून बीज सुटण्याच्या आदल्या दुपारी दोनच्या सुमारास मादीला गुंगीचे औषध टोचले, तर त्या रात्री बीज सुटत नाही. गुंगी काही तासांत उतरते, त्यामुळे बीज तेवढेच तास उशिरा सुटावे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते सुटते पुरत्या चोवीस तासांनी. तेच औषध चारनंतर दिले तर काही बिघडत नाही, कारण तोवर मेंदूतून हुकूम सुटलेला असतो. हुकमाची वेळ दुपारी दोन ते चार. ती हुकली की थेट दुसऱ्या दिवशीची दुपार. मेंदूतल्या सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका हे घड्याळ सांभाळतो आणि डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते रोज लावून घेतो, हे नंतर कळत गेले. बाईच्या शरीरात हे गणित उंदराइतके काटेकोर नसते. तरी बीज सुटण्याआधी बीज सोडायला लावणाऱ्या एलएच हार्मोनची जी उसळी येते, ती बहुधा पहाटेच सुरू होते.

आता गावाकडे येते. माझी सगळी नोकरी शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्यात गेली. लॅबच्या छापील फॉर्मवर नाव, वय, रिकाम्या पोटी की जेवणानंतर, आणि रक्त घेतल्याची वेळ एवढ्याच जागा. माणूस झोपून कधी उठला, याला जागा नाही. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचे दूध तयार करणारे हार्मोन, झोपेत वाढते आणि जाग आल्यावर तास-दोन तासांत उतरते. रात्रपाळी संपवून थेट आलेली एखादी सिस्टर बाकावर पर्स उशाला घेऊन तासभर गाढ झोपते. नंबर आला की तिला हलवून उठवायचे आणि लगेच सुई टोचायची. रिपोर्टमध्ये आकडा चढलेला दिसतो. मासिक पाळी अनियमित आहे म्हणून ती आलेलीच असते, त्यामुळे कारण सापडले असे वाटून गोळ्या सुरू होतात. उठून दोन-तीन तास झाल्यावर तपासणी पुन्हा केली, तर आकडा बऱ्याचदा जागेवर असतो. वाढलेल्या प्रोलॅक्टिनने पाळी खरोखरच बिघडते, म्हणून तर ही खात्री आधी करून घ्यायला हवी.

पुरुषांचेही तेच. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन झोपेत वाढते, सकाळी सर्वांत जास्त असते, म्हणून रक्त सकाळी आठ-नऊला द्यायला सांगतात. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रभर माग चालवून आलेल्या कामगाराची सकाळचे आठ ही झोपायची वेळ असते. टॉवेलच्या कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी आणि आठवड्याने ती बदलणार, म्हणजे शरीर कुठे रुळते न रुळते तोच वेळ पुन्हा उलटी. त्यातून घरात मूल होत नसेल तर तपासण्या आधी बाईच्या. विड्या वळून जमवलेले पैसे तिच्या सोनोग्राफ्यांत जातात आणि नवऱ्याचे रक्त घेतले जाते ते अगदी शेवटी, तेही असे अवेळी. (सासूबाई सोबत असतील तर तेवढेही होत नाही.)

परिचारिकांवर अमेरिकेत झालेली एक मोठी पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. सत्तर हजारांहून अधिक जणींच्या त्या पाहणीत, फिरत्या रात्रपाळ्या जास्त केलेल्यांमध्ये अनियमित मासिक पाळीचे प्रमाण अधिक आढळले. हे वाचून कोणी लगेच म्हणेल, बायकांना रात्रपाळी नकोच. 1948 च्या कारखाना कायद्यातले कलम 66 बायकांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवू नका, असेच सांगत होते. पण रात्रीच्या वॉर्डात सिस्टर तेव्हाही होत्याच, त्यांच्या तब्येतीची काळजी कोणाला वाटली नव्हती. माझे म्हणणे बंदीचे अजिबात नाही. रात्री काम करणारे रात्री काम करतील. त्यांना तपासणाऱ्यांनी ते विचारात घ्यावे, एवढेच.

त्याला खर्च काही नाही. फॉर्मवर एक ओळ वाढवायची: काल कामाची पाळी कोणती होती, झोप किती ते किती. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनीही रात्रपाळीवाल्याला ‘सकाळी या’ असे सरसकट न सांगता ‘नीट झोप काढून उठल्यावर या’ असे सांगावे. अडचण खरी आहे ती लॅबच्या वेळेची. असा माणूस उठतो दुपारी तीन-चारला आणि आमच्याकडे हार्मोनचे नमुने घेणे अकरालाच आटोपायचे. आठवड्यातून निदान एक दिवस संध्याकाळचे नमुने घ्यायला कोण तयार आहे, हे आपल्या आरोग्य प्रतिनिधींनी शहरातल्या लॅबचालकांना विचारून छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
अशोक चौक, सोलापूर