‘शिकाऊ’ म्हणजे शिक्षण सुटलं असं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत परदेशातल्या शिक्षणावर नेहमी लेख येतात. ते बहुधा बारावीनंतर किंवा पदवीनंतर इकडे येणाऱ्या मुलांसाठी असतात. आमची मुलं इथल्याच, स्कॉटलंडच्या शाळेत वाढतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी विषयनिवडीचा फॉर्म समोर आला की, मराठीत कुणाला विचारावं हे आम्हाला कळत नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीने स्कॉटलंडमधल्या शाळेत, माध्यमिकच्या पाचव्या वर्षी (इथे माध्यमिकची सहा वर्षं असतात), ‘बिझनेस स्किल्स’ची फाउंडेशन अप्रेंटिसशिप, म्हणजे शाळकरी मुलांची शिकाऊ उमेदवारी, घेतली. माझ्या थोरल्या बहिणीचा लगेच फोन आला, “अरे, पोरीला शिकायचं सोडून कारकुनीला लावलीस की काय?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. खरं तर माझ्याही मनात तेच होतं.

आता दोन वर्षांनी उत्तर देता येईल. ही अप्रेंटिसशिप शाळा न सोडता करायची असते. बाकीचे विषय चालूच राहतात, काही तास कॉलेजात जातात आणि काही एखाद्या कार्यालयात प्रत्यक्ष कामात. स्कॉटलंडमध्ये सगळ्या शिक्षणाची बारा पायऱ्यांची एकच शिडी आहे. त्यात हा अभ्यासक्रम सहाव्या पायरीवर आहे, म्हणजे इथल्या ‘हायर’च्या (विद्यापीठ प्रवेशासाठी शाळेत विषयवार द्यायच्या परीक्षेच्या) पातळीवर. २०१४ मध्ये सर इयन वुड यांच्या आयोगाने शाळा आणि नोकरी यांच्यातली भिंत कमी करा असं सुचवलं, त्यानंतर ही योजना उभी राहिली.

कार्यालयात मुलीला पहिलं मोठं काम मिळालं ते बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. तिने चार पानं लिहिली. कोण काय बोललं, कोणी कोणाला मध्येच तोडलं, सगळं त्यात होतं. असेसरने (काम तपासणाऱ्या परीक्षकाने) ती परत केली आणि सांगितलं, “काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच लिही.” दुसऱ्या खेपेला अर्धं पान झालं. मी वीस वर्षं नोकरी करतोय; मला हे कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत शिकवलं नव्हतं. विद्यापीठाच्या अर्जात स्वतःविषयी लिहिताना तिने हाच प्रसंग घातला.

यानंतर काय, हा प्रश्न बहुतेक पालकांना पडतो. सरळ रस्ता मॉडर्न अप्रेंटिसशिपचा. यात मूल पगारी नोकर असतं आणि काम करता करता पात्रता मिळवतं. शाळेत पूर्ण केलेला काही भाग तिथे पुन्हा करावा लागत नाही. पगार मात्र कमी असू शकतो: अप्रेंटिसचं किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला ७.५५ पौंड ठरलं होतं. अनेक ठिकाणी त्याहून जास्त देतात, पण विचारून घ्यावं. दुसरा रस्ता कॉलेजचा. एक वर्षाची एचएनसी (हायर नॅशनल सर्टिफिकेट) सातव्या पायरीवर, दोन वर्षांची एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) आठव्या. ती चांगली झाली तर काही विद्यापीठं थेट पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला घेतात. आपल्याकडे डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो ना, तसंच. तिसरा रस्ता शाळेतून थेट विद्यापीठाचा. इथली ऑनर्स पदवी चार वर्षांची. आणि ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिपही आहे: नोकरी चालू, पगार चालू आणि बिझनेस मॅनेजमेंटची पदवीही. मला ती सगळ्यात आवडते. पण आधी नोकरी देणारी कंपनी मिळावी लागते आणि तशा जागा थोड्या. हिशेबाकडे, मनुष्यबळाकडे किंवा खरेदी विभागाकडे वळायचं असेल तर त्या त्या व्यवसायसंस्थांच्या परीक्षाही नोकरीसोबत देता येतात.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. शाळेत सांगतात, “ही हायरच्या बरोबरीची आहे.” ते खरं आहे, पण बरोबरीची म्हणजे सहसा एका हायरच्या बरोबरीची. व्यवस्थापनाच्या पदवीला बहुतेक विद्यापीठं चार-पाच हायर आणि त्यातली श्रेणी मागतात. या अप्रेंटिसशिपला श्रेणी नसते. ती पूर्ण होते किंवा होत नाही. कुठलं विद्यापीठ कुठल्या पदवीसाठी ती धरतं, हे दर ठिकाणी वेगळं. आमच्या ओळखीच्या एका मुलाने वेळ जुळेना म्हणून गणिताचा हायर सोडला. त्याला जी पदवी हवी होती तिथे गणित सक्तीचं निघालं, आणि हे कळलं अर्ज भरताना. तो आता एचएनसी करतोय, ठीक चाललंय त्याचं, पण हा वळसा टळला असता. फॉर्मवर सही करण्याआधी दोन-तीन विद्यापीठांची प्रवेशपानं उघडून बघा आणि शंका असेल तर प्रवेश विभागाला लेखी विचारा. इंग्रजी आणि गणित शक्यतो सोडू देऊ नका.

फीचंही तसंच. स्कॉटलंडमधल्या मुलांना पदवीची फी भरावी लागत नाही, असं आपल्या घोळक्यांत सर्रास बोललं जातं. ते निवासाच्या अटींवर आहे. व्हिसा कोणता आणि इथे किती वर्षं झाली, हे बघितल्याशिवाय कुणी गृहीत धरू नये.

आपल्या पुरवणीत या शाळकरी वयाच्या अभ्यासक्रमांवर माहितगाराकडून एखादा लेख लिहवून घेतलात तर इथले बरेच पालक आभारी राहतील.

माझ्या मुलीच्या टेबलावर सध्या दोन पत्रं आहेत, एक विद्यापीठाचं, एक मॉडर्न अप्रेंटिसशिपचं. दर रविवारी तिची आत्या फोन करून विचारते, “काय ठरलं?” परवा मुलीनेच फोन घेतला आणि म्हणाली, “आत्या, बैठक चालू आहे. इतिवृत्त पाठवते.”

आपला,
एक पालक, ग्लासगो